एक्सओ, मोहाची आणि आपण

दिवाळीत मेहुणा सहकुटुंब चिंचपाड्याला राहून गेला. येताना विमानतळावरच्या करमुक्त दुकानातून माझ्यासाठी एक बाटली घेऊन आला होता. फ्रेंच ब्रँडी. गोलसर पोटाची बाटली, वर सोनेरी टोपण आणि लेबलवर दोन मोठी अक्षरं : एक्सओ.

"भावजी, ही अशीतशी नाही हं. जुनी आहे. चव घेत घेत प्यायची," मेहुणा म्हणाला. किंमत विचारली तर जरा ओशाळला. "दोन हजारांच्या आत पडली. कोन्याक घ्यायला गेलो असतो तर चारपट गेले असते. पण ही पण एक्सओच आहे!"

'ही पण एक्सओच आहे' हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतंय. त्यातूनच हा लेख झालाय. थोडा लांबलाय आणि थोडा चिडून लिहिलाय. नाशिकच्या काकू वाचत असतील तर त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. (थांबणार नाहीत, मला माहीत आहे.)

आधी चवीचं सांगतो, म्हणजे मेहुण्यावर अन्याय नको.

माझ्याकडे तो फुग्यासारखा काचेचा पेला नाही. आमच्याकडे स्टीलचे पेले आणि चहाचे कटिंगचे ग्लास. कटिंगचा ग्लास वर रुंद असतो, वास उडून जातो, हे मान्य. तरी तळहातात धरून जरा ऊब दिली. रंग फार सुरेख, मुरंबा जुना झाला की येतो तसा. वास आधी व्हॅनिलाचा, मग मनुकांचा, मग सुताराच्या दुकानात शिरल्यासारखा लाकडाचा. जिभेवर गोडसर, गुळगुळीत, घशाला कुठे ओरखडा नाही. आणि मग... संपली. गिळल्यावर मागे काही रेंगाळत नाही. पाहुणा गोड बोलतो, पण चहा संपताच उठून जातो, तसं काहीसं.

दुसऱ्या दिवशी थोडं पाणी घालून पाहिली. गोडी पुढे आली, बाकीचं मागे गेलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आपण लेबलला भुलत तर नाही ना? आमच्या कपाटात 'औषधाची' म्हणून एक देशातली ब्रँडी असते. (तुमच्याही कपाटात असते. सर्दीला दोन चमचे, कोमट पाण्यातून. तिने सर्दी जात नाही. कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात म्हणून ऊब वाटते, आणि उलट अंगातली उष्णता बाहेर जाते. पण हे आमच्या आजीला कोण सांगणार होतं.) बायकोला सांगितलं, दोन ग्लासांत दोन्ही ओत आणि मला कळू देऊ नकोस. मला एका वासात ओळखता आली. देशातल्या बहुतेक स्वस्त ब्रँडीत मूळ मद्यार्क उसाच्या मळीचा असतो आणि त्यावर स्वाद चढवलेला असतो. तो वरून लावलेला वास लगेच कळतो. पण पुतण्याला ओळखता आली नाही. त्याने औषधाच्या बाटलीला जास्त मार्क दिले!

माझा निकाल : दहापैकी सहा. दोन हजारांत वाईट नाही. जेवणानंतर बोटभर घ्यायला बरी. 'जुनी' म्हणून डोक्यावर घेऊन नाचावं असं मात्र काही नाही.

आता त्या जुनेपणाकडे येऊ.

कोन्याक हे फ्रान्सच्या पश्चिम भागातलं एक गाव. तिथल्या ठरावीक पट्ट्यातल्या द्राक्षांची, ठरावीक पद्धतीने तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळलेली आणि ओकच्या पिपात मुरवलेली जी ब्रँडी, तिलाच कोन्याक म्हणायचं. त्या पट्ट्याची हद्द १९०९ साली सरकारने आखून दिली आणि १९३६ साली नियमांची चौकट पक्की झाली. तिथे लेबलवरच्या अक्षरांना अर्थ आहे. व्हीएस म्हणजे पिपात किमान २ वर्षं, व्हीएसओपी म्हणजे किमान ४, आणि एक्सओ म्हणजे २०१८ पासून किमान १० वर्षं (त्याआधी ६ होती). हे वय मिश्रणातल्या सगळ्यात लहान दारूचं धरतात. थोरल्या भावाच्या वयावर धाकट्याला सवलत नाही.

पण हे सगळं कोन्याकचं. मेहुण्याची बाटली 'फ्रेंच ब्रँडी'. तिला कोन्याकची ही वर्षं लागू नाहीत. युरोपच्या नियमात साध्या ब्रँडीला ओकच्या मोठ्या पिपात १ वर्ष, किंवा हजार लिटरहून लहान पीप असेल तर ६ महिने, एवढं मुरणं पुरतं. चांगल्या कंपन्या यापेक्षा कितीतरी जास्त मुरवत असतील, नव्हे मुरवतातच. पण 'कोन्याकची एक्सओ म्हणून हीही १० वर्षांची' हा हिशेब दुकानदार करत नाही, आपणच मनात करून घेतो. शिवाय रंगासाठी जळवलेल्या साखरेचा कॅरॅमल घालायची आणि थोडी गोडी घालायची नियमातच मुभा आहे. म्हणजे तो मुरंब्यासारखा रंग सगळा वयाचाच असेल असं नाही. जसं केस काळे असले म्हणजे माणूस तरुण असतोच असं नाही. :)

आणखी एक. दारू पिपात म्हातारी होते, बाटलीत नाही. लाकूड श्वास घेतं, दरवर्षी थोडी दारू उडून जाते (कोन्याकचे लोक तिला देवदूतांचा वाटा म्हणतात, साधारण शेकडा दोन), उरलेलीत लाकडाचं सत्त्व उतरतं. काचेत यातलं काही घडत नाही. तेव्हा आमच्या एका नातेवाइकांच्या शोकेसमध्ये वीस वर्षं उभी असलेली बाटली आज वीस वर्षांनी जुनी झाली, हा गैरसमज काढून टाका. बाटली आहे तशीच आहे. जुने झालेत ते नातेवाईक.

असो. इथपर्यंत हा एका बाटलीचा निकाल होता. चिडण्यासारखं पुढे आहे.

मेहुणा गेल्यावर बाटलीत अर्ध्याहून जास्त उरली होती. मी त्यातली थोडी एका लहान बाटलीत घेतली आणि मावशींकडे गेलो.

ज्यांना चिंचपाडा माहीत नाही त्यांच्यासाठी : सुरत-भुसावळ लोहमार्गावर, सुरतेकडून आलं की नवापूरच्या पुढचं हे लहान स्टेशन. नवापूर म्हणजे ज्या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत आहे, तेच. म्हणजे एकाच फलाटावर चालत चालत तुम्ही दारूबंदीत शिरता आणि बाहेर येता. आजूबाजूला मावची, गावित, कोकणी, भिल्ल अशी वस्ती. आणि मोहाची झाडं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. मोहाचं फूल रात्रीतून गळतं, पिवळट पांढरं, मांसल, द्राक्षाएवढं. वाळलं की त्यात निम्म्याहून जास्त साखर. ते वाळवून ठेवतात, विकतात, दुष्काळात खाऊन लोक जगलेत. आणि भिजत घालून, आंबवून, गाळून त्याची दारू करतात. मी इथे मास्तरकी केली, आता निवृत्त झालोय. मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या तासाला वर्ग का अर्धा असतो हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

तर मावशी. त्या गाळतात. विकायला नाही, घरी लागते म्हणून. मयताला लागते, लग्नाला लागते, देवाला धार पाडायला लागते. याहामोगीच्या, म्हणजे देवमोगरा मातेच्या यात्रेला लागते. मावशींचं नाव मी लिहीत नाही. त्यांचा पाडाही लिहीत नाही. इथेच माझ्या चिडण्याचं मूळ आहे.

मेहुण्याच्या बाटलीवर कंपनीचं नाव चार ठिकाणी आहे. गावाचं नाव आहे, देश आहे, किती टक्के मद्यार्क ते आहे. इथे मी ते नाव दिलेलं नाही, कारण फुकटची जाहिरात कशाला. पण न देणं ही माझी मर्जी. मावशींचं नाव न देणं ही माझी मर्जी नाही. मी ते लिहिलं तर त्या घरावर कलम लागतं. एकदा लागलंही आहे. मडकी फुटली, फुलांचं पोतं गेलं, आणि त्या हंगामाचे पैसे गेले. पुढचं लिहीत नाही.

मावशींनी माझी लहान बाटली उघडून वास घेतला. मग झाकणभर तोंडात घेतली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"कशाची गुरुजी?"

"द्राक्षाची."

"मग द्राक्षाचा वास कुठंय?"

मी म्हटलं, लाकडाच्या पिपात वर्षानुवर्षं ठेवतात, त्यामुळे लाकडाचा येतो.

"गोड आहे. औषधासारखी. चांगली आहे," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "पण लाकूडच प्यायचं तर झाड कशाला लावायचं?"

मग त्यांनी त्यांची दिली. चार दिवसांपूर्वीची. पाण्यासारखी स्वच्छ, पानाच्या द्रोणात. ही मोहाची मी पूर्वीही चाखली आहे (काकू, थांबा म्हटलं होतं), पण शेजारी ब्रँडी ठेवून पहिल्यांदाच. वास जोरदार, काहींना तो ओल्या गोणपाटासारखा वाटतो, आणि पहिल्यांदा मलाही वाटला होता. पण त्याच्या खाली फूल आहे. एप्रिलमधल्या पहाटेचं, झाडाखालच्या ओल्या पाचोळ्याचं. थोडा धूर. जिभेवर कोरडी, किंचित आंबट, मग गरम. आणि फ्रेंच पाहुण्यासारखी उठून गेली नाही. घरी पोचेपर्यंत तोंडात फुलाचा वास होता.

खोट सांगायची तर तीही आहे. धार कुठे तोडायची याचा मावशींचा अंदाज डोळ्यांचा आणि हाताचा. विस्तवावर थेंब टाकून भडका कसा उडतो ते बघायचं. त्यामुळे एका वेळची दुसऱ्या वेळेसारखी निघत नाही. आपण 'पहिल्या धारेची' म्हणून मिशीला पीळ देतो, पण कोन्याकचा गाळणारा सुरुवातीची धार बाजूला काढतो, शेवटची बाजूला काढतो आणि मधलीच ठेवतो. मधलीला ते काळीज म्हणतात. पहिल्या धारेत जोर असतो, चव नसते. आपल्या भाषेने जोरालाच चव समजून ठेवलंय.

माझा निकाल : मोहाचीही दहापैकी सहा. पण फ्रेंच ब्रँडीचे सहा हे अडीचशे-तीनशे वर्षांचा अनुभव, तांब्याची भांडी, प्रयोगशाळा आणि सरकारी पाठबळ यांचे सहा. मावशींचे सहा हे चोरून, रात्री, मातीच्या मडक्यात, कान बाहेर ठेवून मिळवलेले. मग दोघींतली हुशार कोण?

आता इतिहास जरा बघा. मी मनचं सांगत नाहीये.

इथले लोक आपापली गाळत होते. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. घरची भट्टी गुन्हा झाली, गाळायचा मक्ता मोठ्या भट्ट्यांकडे गेला आणि विकायचा मक्ता दुकानदाराकडे. सरकारला महसूल हवा होता. पुढे १८९२ साली तर 'म्होवरा कायदा' आला, मोहाच्या फुलावरच बंधन! ठाणे-कुलाब्याकडे झाडाखाली पडलेलं फूल साठवणं गुन्हा. का? तर लोकांनी घरी गाळलं तर दुकानातली कोण घेणार? लोकांची प्रकृती हा त्यात मुद्दाच नव्हता. उरणला मोहाच्या मोठमोठ्या भट्ट्या चालूच होत्या, सरकारच्या परवान्याने. तीच फुलं, तीच दारू. फरक एवढाच की कर भरलेली.

आणि याच सुमाराची गंमत ऐका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये द्राक्षवेलींच्या मुळांना एक कीड लागली आणि मळेच्या मळे उजाड झाले. वाइन नाही तर ब्रँडी कुठून येणार? त्या काळात आपली मोहाची फुलं मुंबई बंदरातून जहाजाने फ्रान्सला जात होती, तिथे गाळण्यासाठी! म्हणजे फ्रेंच माणसाने गाळली तर व्यापार, आणि झाडाखाली राहणाऱ्याने गाळली तर कलम. मेहुण्याला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, "भावजी, तुम्ही बनवून सांगताय." नाही रे बाबा. बनवणं हा गुन्हा आहे ना.

स्वातंत्र्य आलं. १९४९ साली मुंबईचा दारूबंदी कायदा आला, तोच आज नाव बदलून महाराष्ट्राचा आहे. त्यातली एक जुनी गंमत : एक दिवसाचा पिण्याचा परवाना, देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. आणि ही 'विदेशी' कुठली? नगर-नाशकाकडच्या उसाच्या मळीतून निघालेली! तिचं सरकारी नाव 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य'. हे नाव एकदा सावकाश वाचा. मळीवर व्हिस्कीचा रंग चढवला की ती विदेशी, म्हणजे प्रतिष्ठित. मोहाच्या फुलाची या मातीतली, घरी गाळलेली दारू मात्र 'हातभट्टी'. २०२५ साली सरकारने 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा वर्ग काढला. राज्याचं नाव दिलं, आणि दिलं कोणाला, तर धान्यापासून केलेल्या मद्याला. मोह त्या यादीतही नाही. फुलावरची बंधनं मात्र २०२१ मध्ये उठवली. म्हणजे फूल वेचा, वाळवा, विका, लाडू करा, शरबत करा. घरी गाळू नका.

आता तुम्ही म्हणाल, फ्रान्समध्येही कोणीही उठून दारू गाळत असेल का? बरोबर, नाही गाळत. पण तिथे फळझाडं असलेल्या शेतकऱ्याला आपली फळं गाळण्याचा हक्क होता, ठरावीक लिटरपर्यंत करमाफीसकट. दारूचं व्यसन फार वाढलं म्हणून १९६० साली ती करमाफी पुढच्या पिढीकडे जाणं थांबवलं. व्यसनाची काळजी त्यांनाही होती. पण आजही तिथला माणूस आपली सफरचंदं, आलुबुखार घेऊन गावच्या भट्टीवर जातो, कर भरतो, आपली बाटली घेऊन घरी येतो. त्याची मडकी कोणी फोडत नाही.

इथपर्यंत वाचून काही जण टाळ्या वाजवतील, 'वा, आदिवासी संस्कृती!' म्हणून. त्यांच्याशीही माझं भांडण आहे.

कारण मी इथे मास्तर होतो. दारूने काय होतं ते मी वर्गात पाहिलंय. वहीसाठीचे पैसे कुठे गेले हे विचारल्यावर खाली बघणारी पोरं पाहिलीत. सहावीत हुशार असलेली एक मुलगी सातवीत आली नाही, ऊसतोडीला गेली, कारण बापाने उचल आधीच पिऊन टाकली होती. त्या बापाला मोहाची आणि एक्सओ यातला फरक शिकवून काय मिळणार होतं?

आणि हे मी बाहेरचा म्हणून बोलतोय असंही नाही. या पट्ट्यातल्या लोकांनीच दारूविरुद्ध जितक्या जोराने आवाज उठवला तितका आपल्या पांढरपेशांनी कधीच उठवला नाही. १९२२-२३ मध्ये शेजारच्या दक्षिण गुजरातेत देवीची चळवळ उसळली : देवी अंगात यायची आणि सांगायची, दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा. डेव्हिड हार्डिमन यांचं तिच्यावर १९८७चं पुस्तक आहे. १९३०च्या दशकात तळोद्याकडच्या मोरवडच्या संत गुलाम महाराजांनी हजारो लोकांची दारू सोडवली. आणि १९७२-७३च्या सुमाराला शहाद्याकडे अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीत भिल्ल बायका उठल्या, गावोगाव गेल्या आणि दारूची मडकी फोडली. नवऱ्याच्या माराने पिचलेल्या बायका होत्या त्या.

मडकी फोडणारे दोन प्रकारचे झाले मग. एक धाडवाले, आणि एक या बायका. मी मावशींच्या बाजूने लिहितोय, पण त्या बायका आत्ता माझ्या दारात उभ्या राहिल्या तर मी त्यांना काय सांगेन? 'बाई, ही वारसा आहे' असं म्हणायची माझी छाती नाही.

हे मी मावशींनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांचं खरंच होतं. आमच्याकडे पण पिऊन मेले." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण गुरुजी, आता माझी बंद केली तरी पोरं पिणारच. रस्त्यावर दुकान आहे. त्यात काय टाकतात मला माहीत नाही. माझ्यात काय आहे ते मला माहीत आहे."

मला वाटतं, सगळ्याची मेख इथे आहे. 'माझ्यात काय आहे ते मला माहीत आहे' हे सांगणारा माणूस उजेडात उभा असला पाहिजे. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. ती मोहाची नव्हती, त्यात कारखान्यातलं मिथेनॉल होतं. असं कधी होतं? दारूला नाव-गाव नसतं तेव्हा. अंधारात नवसागर टाकला काय आणि मिथेनॉल टाकलं काय, विचारणार कोण? कोन्याक चांगली होते त्याचं कारण फ्रेंच माणूस आपल्यापेक्षा सभ्य आहे हे नाही. खाली नाव छापलेलं असतं. वाईट निघाली तर कोणाला धरायचं ते ठाऊक असतं. ज्याला सही करायची असते तो अक्षर नीट काढतो, हे कुठल्याही मास्तराला विचारा.

मग करायचं काय? मी काही कायदेपंडित नाही, पण दोन गोष्टी डोळ्यांसमोर आहेत.

एक, शेजाऱ्यांकडे बघा. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं आणि २०१६ मध्ये तिला राज्याचं वारसा पेय म्हटलं. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये आदिवासींना घरच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत गाळायची सूट आहे. आणि नर्मदेच्या पलीकडे, आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या अलीराजपुरात तर बचत गटाकडून मोहाची 'हेरिटेज' दारू बाटलीत भरून विकायचा प्रयोग झाला. नदी ओलांडली की वारसा, अलीकडे कलम!

दोन, आपल्याकडे कायदा आहेच. १९९६चा पेसा. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालायचा किंवा त्यांचं नियमन करायचा अधिकार तो देतो. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये झाले. म्हणजे हे ठरवायचं कोणी? मुंबईतल्या अबकारी खात्याने नाही, पुण्यातल्या संस्कृतीप्रेमींनी नाही, मीही नाही. ग्रामसभेने, आणि तीही बायकांनी भरलेल्या ग्रामसभेने. त्यांनी 'नको' म्हटलं तर नको. मग मावशींचीही नको आणि रस्त्यावरचं दुकानही नको, दोन्ही एकदमच. त्यांनी 'असू दे, पण घरच्यापुरती, देवापुरती' म्हटलं तर ती मावशींच्या नावाने असू दे, तपासलेली, उजेडातली. आज होतं ते उलटंच : दुकान कर भरतं म्हणून राहतं, आणि मडकं कर भरत नाही म्हणून फुटतं. बाईचा नवरा दोन्हीकडे पिऊन येतोच.

मेहुण्याच्या 'ही पण एक्सओच आहे' ची चीड आली ती यासाठी. आपण दोन अक्षरं बघून दारूचं वय ठरवतो, वय बघून चव ठरवतो आणि चव बघून माणसाची लायकी. फ्रान्सच्या शेतकऱ्याने आपलं उरलेलं द्राक्ष गाळलं आणि त्याच्या पाठीशी त्याचं सरकार उभं राहिलं, म्हणून त्याला वय आलं. मोहाची दारू कधी जुनी झालीच नाही, कारण तिला कोणी जुनी होऊ दिली नाही. जी वस्तू रात्रीतून लपवायची, ती पिपात दहा वर्षं कोण ठेवणार? तिचं वय जास्तीत जास्त चार दिवस. धाड पडायच्या आत संपलेली बरी.

कालच मेहुण्याचा फोन आला होता. "भावजी, संपली का एक्सओ?"

म्हटलं, बोटभर आहे अजून. ठेवलीय.

"अहो ठेवताय कशाला? बाटलीत जुनी होत नाही म्हणून तुम्हीच सांगितलंत ना!"

खरंय. पण मावशी म्हणाल्या होत्या, होळीला घेऊन या, पोरांना पण वास दाखवू. म्हणून ठेवलीय.